आठ भाग नदी, एक भाग शहर

एप्रिलच्या उन्हात पुण्याच्या भिडे पुलावरून खाली पाहिलं, तर मुठेला पाणी असतं. पात्रातल्या चरातून काळपट धार वाहत असते, कडेला शेवाळ, मधूनच बुडबुडे. खडकवासला धरणाचे दरवाजे तर पावसाळा संपला की बंद होतात. साठलेलं पाणी कालव्यातून हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतांकडे जातं आणि जलवाहिन्यांतून पुणेकरांच्या नळांना येतं. वरून काही येत नाही, आभाळातून काही पडत नाही, मग ही धार येते कुठून? ती आपल्या मोऱ्यांतून, न्हाणीघरांतून आणि संडासांतून येते.

मुळेची गत याहून वेगळी नाही. तिच्या उगमाजवळ मुळशीला टाटांचं धरण आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. तिथे अडवलेलं पाणी वीज करण्यासाठी सह्याद्रीपलीकडे कोकणात, भिऱ्याला सोडलं जातं. म्हणजे एका नदीचं पाणी पश्चिमेला गेलं, दुसरीचं नळात आणि शेतात गेलं, आणि संगमावर उन्हाळ्यात भेटतात ती प्रामुख्याने दोन बाजूंची सांडपाणी.

नदी वाचवायची म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायची, असं समीकरण आपल्याकडे पक्कं बसलं आहे. केंद्रं हवीतच, त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. पण केंद्र हा साखळीतला मधला दुवा आहे. त्याच्या आधी मैलापाणी तिथवर आणणारी नळांची जाळी लागते आणि त्याच्यानंतर शुद्ध केलेलं पाणी सामावून घेणारी खरीखुरी नदी लागते. आपले पैसे, उद्घाटनं आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या मधल्या दुव्यावर खर्च होतात. नदी मरते ती दोन्ही टोकांना.

आधी मैलापाणी म्हणजे काय ते पाहू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा आपल्याकडचा मापदंड आहे, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के वापरून परत गटारात जातं असं अभियंते धरून चालतात. या हिशोबाने दहा लाख वस्तीच्या शहरातून रोज १०८ एमएलडी मैलापाणी निघतं. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. या पाण्यात घाण किती असते? वजनाने पाहिलं तर हजारात एक भागसुद्धा धड नसते. ९९.९ टक्के ते पाणीच असतं. उरलेल्या अंशात विष्ठा, मूत्र, साबण, खरकटं, तेल, माती आणि असंख्य जिवाणू.

एवढीशी घाण अख्खी नदी कशी मारते, हे समजायला प्राणवायूचा हिशोब मांडावा लागतो. विष्ठा आणि खरकटं हे जिवाणूंचं अन्न. पाण्यात पडलेलं अन्न ते खातात, आणि खाताना आपल्यासारखाच प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, या मापाला बीओडी म्हणतात. शहरी मैलापाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० च्या घरात असतो. दुसऱ्या बाजूला पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो, आणि पाणी तापलं की आणखी घटतो. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. आता २५० ला साडेसातने भागा. एक लिटर मैलापाणी तेहतीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकतं.

माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. तो घटत गेला की आधी संवेदनशील जाती जातात, मग चिवट जाती, आणि शेवटी हवेत तोंड काढून श्वास घेऊ शकणारे काही मोजके मासे उरतात. प्राणवायू पार संपला, तरी जिवाणू थांबत नाहीत. मग प्राणवायूविना जगणाऱ्यांचं राज्य सुरू होतं. ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास त्याचाच, आणि तळाच्या गाळात लोहाशी त्याचा संयोग होऊन जो काळा रंग येतो, तोच नदीचा काळा रंग. नदी काळी पडली याचा अर्थ तिच्यात काळी घाण पडली असा नाही. तिचा श्वास बंद पडला, असा आहे.

वाहती नदी ही घाण स्वतःही पचवते. खडकांवरून उसळताना हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो, जिवाणू आपलं काम करतात, आणि काही किलोमीटर खाली पाणी पुन्हा बरं होतं. पूर्वीच्या गावांचं सगळं सांडपाणी नदीने असंच पचवलं. शुद्धीकरण केंद्र वेगळं काही करत नाही. जे काम करायला नदीला कित्येक किलोमीटर आणि दिवस लागले असते, तेच काम ते काही एकरांत आणि काही तासांत उरकतं. जिवाणू तेच, प्राणवायू तोच, फक्त दोन्ही दाटीवाटीने एकत्र आणलेले.

ही युक्ती सापडली इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे तिथल्या मैलाकेंद्रात काम करत. बाटलीत मैलापाणी घ्यायचं आणि त्यात हवा सोडत राहायचं, असा त्यांचा प्रयोग होता. शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळलेला. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. इतका वेळ लागणारी पद्धत शहराच्या काहीच कामाची नव्हती. पण त्यांनी वरचं निवळ पाणी ओतून दिलं आणि तळाचा गाळ तसाच ठेवून त्यावर नवं मैलापाणी घातलं. दुसऱ्या खेपेस वेळ कमी लागला, तिसऱ्या खेपेस आणखी कमी. असं करत करत काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. तळाचा गाळ म्हणजे घाण नव्हतीच. घाण खाऊन माजलेल्या जिवाणूंची ती वसाहत होती, आणि घरी विरजण राखून ठेवतात तसा तो गाळ राखायचा, एवढंच सूत्र होतं. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हे जगासमोर मांडलं. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन दाखल झाले, हे आपल्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. जगाला आज शंभर वर्षं पुरून उरलेलं हे ज्ञान आपल्या देशात अगदी सुरुवातीलाच पोचलं होतं.

आजचं केंद्र याच तत्त्वावर चालतं. मैलापाणी आत आलं की आधी लोखंडी जाळ्यांतून जातं. प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, सॅनिटरी पॅड, बाटल्या, निर्माल्य तिथे अडकतं. मग वाळू-खडी खाली बसवतात, कारण ती पंपांची पाती झिजवते. त्यानंतर मोठ्या हौदात हवा सोडण्याचं खरं काम. तळाशी बसवलेल्या डिफ्युझरमधून ब्लोअर बारीक बुडबुडे सोडत राहतो आणि चॉकलेटी रंगाचं पाणी घुसळून निघतं. हा चॉकलेटी रंग चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे, केंद्रातले जुने ऑपरेटर रंगावरून आणि वासावरून हौदाची प्रकृती ओळखतात. काही तासांनी हे पाणी शांत हौदात येतं, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी निवळतं. गाळाचा मोठा भाग पुन्हा पहिल्या हौदात पाठवतात, जादा झालेला बाहेर काढून कुजवतात. त्यातून मिथेन निघतो आणि त्यावर थोडी वीजही करता येते. नव्या केंद्रांत एसबीआर पद्धत वापरतात. तिथे हवा देणं, निवळणं आणि उपसणं एकाच हौदात आळीपाळीने होतं, त्यामुळे जागा कमी लागते. शेवटी क्लोरीन, आणि पाणी नदीत.

या सगळ्यात सर्वांत महाग गोष्ट म्हणजे वीज. केंद्राच्या वीजबिलाचा मोठा वाटा एकट्या ब्लोअरचा. जिवाणू जिवंत प्राणी आहेत, त्यांना दिवाळीची सुट्टी चालत नाही आणि भारनियमनही चालत नाही. ब्लोअर तासन्‌तास बंद राहिला की वसाहत गुदमरते, आणि ती पुन्हा उभी करायला कित्येक दिवस लागतात. पालिकेच्या अंदाजपत्रकात केंद्र बांधायला पैसे असतात, अनुदानही मिळतं. रोज चालवायला लागणारे पैसे मात्र पालिकेने स्वतःच्या तिजोरीतून, दरमहा, न चुकता काढायचे असतात. अडचणीच्या वर्षात पहिली कात्री तिथेच लागते, कारण ब्लोअर बंद पडल्याची तक्रार करायला कोणीही नागरिक पालिकेत जात नाही.

समजा केंद्र अगदी उत्तम चाललं. बाहेर पडणारं पाणी काचेसारखं निवळ आहे. ते नदीत सोडल्यावर नदी स्वच्छ होईल का?

इथे १९१२ सालचा एक ब्रिटिश अहवाल आठवावा लागतो. मैलापाण्याच्या विल्हेवाटीवर नेमलेल्या रॉयल कमिशनने नदीत सोडायच्या पाण्यासाठी मापदंड ठरवला. बीओडी २० पेक्षा जास्त नको आणि तरंगते कण ३० पेक्षा जास्त नकोत. पुढे जगभर हेच आकडे पसरले आणि आपल्याकडच्या नियमांवरही त्यांची छाप आहे. पण त्या आकड्यांच्या पोटात एक अट होती. सोडलेल्या एक भाग पाण्याला नदीत किमान आठ भाग स्वच्छ पाणी मिळायला हवं. आकडा प्रवासाला निघाला, अट मागे राहिली.

या अटीचं महत्त्व साध्या गणितात दिसतं. स्वच्छ नदीचा बीओडी २ धरा. तिचे आठ भाग आणि २० बीओडीचा एक भाग मिसळला, तर मिश्रणाचा बीओडी येतो ४. कमिशनच्या मते तिथवर नदी सोसू शकत होती. आता आपल्याकडचे नियम घ्या. आंघोळीसाठी योग्य नदीचा बीओडी ३ पेक्षा जास्त असू नये आणि प्राणवायू ५ पेक्षा कमी असू नये, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांत २० आणि इतरत्र ३० ही मर्यादा घातली, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती १० वर आणायला सांगितली. सर्वांत कडक १० धरू. आठ भाग नदी आणि एक भाग असं पाणी मिसळलं, तर बीओडी येतो २.९. आंघोळीचा निकष अगदी काठावर पार. नदीचं आणि केंद्राचं पाणी समसमान असेल, तर येतो ६. आणि नदीचं पाणी शून्य असेल, तर १० चे १०. एप्रिलमधल्या मुठेची स्थिती या शेवटच्या ओळीतली आहे. प्रत्येक केंद्र नियमाबरहुकूम चाललं, एकही अधिकारी चुकला नाही, तरी नदी आंघोळीलायक होणार नाही, कारण तिच्यात नदीच नाही.

म्हणून मला वाटतं, नदीच्या प्रदूषणाची चर्चा धरणाच्या दरवाज्यापासून सुरू व्हायला हवी. खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणीवाटप ठरवायला कालवा समितीची बैठक होते, तेव्हा शेतीचा वाटा किती आणि शहराचा किती यावर खडाजंगी होते. त्या टेबलाशी नदीची बाजू मांडणारं कोणी नसतं. उन्हाळ्यात थोडं पाणी पात्रात सोडा म्हणणं हे शेतकऱ्याच्या आणि तहानलेल्या शहराच्या तोंडचं काढून घेण्यासारखं वाटतं, हे मी जाणतो. पण पुणे शहर रोज दीड हजार एमएलडीहून जास्त पाणी उचलतं. माणशी १३५ लिटरच्या मापदंडापेक्षा हे पुष्कळ जास्त आहे, आणि त्यातलं बरंच गळतीत जातं. नदीचा वाटा त्या गळतीतून निघू शकतो.

केंद्रातल्या पाण्यात आणखी दोन गोष्टी शिल्लक राहतात. पहिली, रोगजंतू. कच्च्या मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू एक कोटीच्या आसपास असू शकतात. केंद्राने त्यातले ९९ टक्के मारले, असं ऐकलं की आपण समाधान मानतो. पण एक कोटीचा एक टक्का म्हणजे एक लाख, आणि आंघोळीच्या पाण्याची कमाल मर्यादा २,५०० आहे. क्लोरीनचा किंवा अतिनील किरणांचा शेवटचा टप्पा नीट चालला तरच हा आकडा खाली येतो. दुसरी गोष्ट म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. जुन्या पद्धतीची केंद्रं हे दोन्ही फारसे काढत नाहीत. पाणी निवळ दिसतं, पण ते खत घातलेलं पाणी असतं. त्यावर जलपर्णी पोसते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती हिवाळा सरता सरता मुळा, पवना, इंद्रायणीची पात्रं झाकून टाकते, सूर्यप्रकाश अडवते, आणि सडली की पुन्हा प्राणवायू खाते. दरवर्षी पालिका ती यंत्रं लावून काढतात आणि दरवर्षी ती परत येते. तिचं खाद्य चालू आहे तोवर ती येतच राहणार. आळंदीला इंद्रायणीवर साबणाचा पांढरा फेस तरंगताना दिसतो, तो याच कथेचा भाग. कारखान्यांचं पाणीही त्यात आहे, आणि ज्यांनी चोरून सोडलं त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण आपल्या बहुतेक नद्यांवरचा मोठा भार घरगुती मैलापाण्याचा आहे, आणि कारखान्याकडे बोट दाखवलं की तो विसरायला सोपा जातो.

हे पाणी पुण्याच्या हद्दीत संपत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूर शहर पितं ते पाणी तिथलं. आणि उजनीच्या खाली पंढरपूर. आषाढीला लाखो वारकरी ज्या चंद्रभागेत, म्हणजे याच भीमेत, उतरतात, तिच्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक घराचा अंश आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ या नदी स्वच्छ करण्याच्या योजनेची घोषणा केली, तेव्हा पंढरपूरच्या घाटांपेक्षा दोनशे किलोमीटर वरच्या गटारांकडे आधी पाहायला हवं होतं.

आता साखळीचं पहिलं टोक, म्हणजे नळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ एमएलडी मैलापाणी तयार होत होतं. बांधलेली शुद्धीकरण क्षमता होती ३१,८४१ एमएलडी, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं सुमारे २०,२३६. म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्यासाठी केंद्रच नव्हतं, हे एक. पण जी केंद्रं होती, त्यांच्या क्षमतेचाही तिसरा हिस्सा रिकामा पडला होता, हे मला जास्त बोचतं. केंद्र पाण्याची वाट पाहत उभं आणि पाणी शेजारच्या नाल्यातून नदीत चाललेलं, असं चित्र देशभर आहे.

असं का होतं? मैलापाण्याची वाहिनी उताराने चालते. पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने वाहिलं नाही, तर गाळ तळाला बसून नळ तुंबतो. त्यामुळे वाहिन्या शहरातल्या सर्वांत सखल जागेतून, म्हणजे ओढ्या-नाल्यांच्या काठाने किंवा थेट त्यांच्या पात्रातून टाकाव्या लागतात. पुण्यात आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, माणिक नाला, रामनदी, सगळीकडे हेच. तिथे चेंबर फुटलं किंवा तुंबलं की मैलापाणी सरळ ओढ्यात. त्यातच पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं वेगळी आणि मैलावाहिनी वेगळी असायला हवी, हे कागदावर राहतं. नवी इमारत उभी राहते, रस्त्यात मैलावाहिनी नसते, बिल्डर आपली जोडणी पावसाळी गटाराला देऊन मोकळा होतो. उलटही घडतं. गच्चीवरचं पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडलेलं असतं आणि पहिल्या जोरदार सरीला चेंबरची झाकणं उडतात. त्या दिवशी केंद्रात क्षमतेच्या दुप्पट-तिप्पट पाणी येऊन जिवाणूंचा गाळच वाहून जातो.

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. हद्द एका अधिसूचनेने वाढते, वाहिनी एकेक मीटर खणून टाकावी लागते. या गावांत दहा-दहा मजली सोसायट्या आधी आल्या, पिण्याचं पाणी टँकरने आलं आणि ड्रेनेज सर्वांत शेवटी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा आतड्याच्या रोगाचा जिवाणू सापडला आणि तपास दूषित पाण्याकडे वळला. धडधाकट माणसं दोन दिवसांत अंथरुणाला खिळली. ड्रेनेज हा आरोग्याचा विषय आहे हे सांगायला असा हिवाळा यावा लागू नये.

पुण्याच्या केंद्रांचाच हिशोब पाहा. भैरोबा नाला १३०, नायडू ११५, एरंडवणे ५०, मुंढवा ४५, खराडी ४०, विठ्ठलवाडी ३२, बाणेर ३०, बोपोडी १८, तानाजीवाडी १७. बेरीज ४७७ एमएलडी. शहरातून निघणारं मैलापाणी ७४४ एमएलडी धरून जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून आणखी ११ केंद्रं, ३९६ एमएलडीची, बांधायचं ठरलं. जानेवारी २०१६ मध्ये करार झाला, खर्च होता सुमारे ९९० कोटी. भूमिपूजन झालं मार्च २०२२ मध्ये, तोवर खर्च १,४७० कोटींवर गेला होता. मधल्या सहा वर्षांत निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या, आणि मैलापाणी दररोज नदीत जात राहिलं. त्याच मार्चमध्ये त्याच व्यासपीठावरून ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुशोभीकरणाचंही भूमिपूजन झालं. काठावर फरसबंदी, बाग, सायकलचा मार्ग यांना माझा विरोध नाही. पण काठाचं काम पाण्याच्या पुढे धावू लागलं, तर आपण प्राधान्य चुकवलं असं मी म्हणेन.

आणि या नळांत उतरणारी माणसं. चेंबरमध्ये साठलेला तोच हायड्रोजन सल्फाइड दोन-चार श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी तीस लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तरीही बातम्या येत राहतात, आणि बहुतेक वेळा ती माणसं पालिकेच्या पटावर नसतात, ठेकेदाराच्याही ठेकेदाराकडची असतात. सोसायटीची टाकी साफ करायला कोणाला बोलावलं आणि तो कसा उतरला, हे विचारण्याची जबाबदारी सोसायटीच्या समितीवर आहे.

लहान गावांना वाहिन्यांचं हे अवाढव्य जाळं परवडत नाही आणि तितकी गरजही नसते. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांत घराघरांखाली सेप्टिक टँक आहेत. ते तुंबेपर्यंत कोणी उघडत नाही, आणि उपसलेला मैला टँकरवाला अंधारात ओढ्यात सोडून जातो. कृष्णाकाठचं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर या दोन गावांनी यावर शहाणा मार्ग काढला. तक्रारीची वाट न पाहता ठरलेल्या वेळापत्रकाने, साधारण तीन वर्षांतून एकदा, प्रत्येक घराची टाकी उपसायची. वेगळं शुल्क मागायचं नाही, ते करातच धरायचं. उपसलेला मैला गावाच्या छोट्या प्रक्रिया केंद्रात न्यायचा. कोट्यवधींची वाहिनी न टाकताही नदीत जाणारा मैला असा रोखता येतो. मोठ्या शहरांच्या गोंगाटात या गावांचं काम झाकलं जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

शुद्ध केलेलं पाणी नदीतच सोडलं पाहिजे असंही नाही. नागपूर महापालिकेने महाजनको या सरकारी वीजनिर्मिती कंपनीशी करार करून भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं. जे धरणाचं पाणी वीज केंद्र थंड ठेवण्यासाठी गेलं असतं, ते वाचलं. पुण्यात मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, बांधून शुद्ध पाणी उचलायचं आणि जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे लोक ज्याला बेबी कॅनॉल म्हणतात त्यात, सोडायचं ठरलं. वर्षाला साडेसहा टीएमसी, म्हणजे साडेसहा अब्ज घनफूट. धरणातून शहराने जास्तीचं पाणी घ्यायचं त्याची ही परतफेड. कल्पना चांगली आहे. पण जॅकवेल नदीतूनच पाणी उचलतो, आणि त्या नदीत शुद्ध न केलेलं पाणीही मिसळलेलं असतं. कालव्याकाठच्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या काळ्या रंगाबद्दल आणि वासाबद्दल वारंवार तक्रारी केल्या, त्या खोट्या नव्हत्या. शुद्ध पाण्याचा पुनर्वापर केंद्राच्या तोंडाशीच, बंद नळातून व्हायला हवा.

पुनर्वापर वाढला की पेच निर्माण होईल, तोही आताच समजून घेतलेला बरा. उन्हाळ्यात नदीत आहे ते पाणी फक्त सांडपाण्याचं आहे. ते सगळं शुद्ध करून वीज केंद्राला, कारखान्यांना आणि शेताला दिलं, तर पात्र कोरडं पडेल. तेव्हा धरणातून वाचलेल्या पाण्यातला काही वाटा पात्रात सोडण्याचा लेखी करार पुनर्वापराच्या प्रत्येक योजनेसोबत झाला पाहिजे. तो नंतर होणार नाही. वाचलेल्या पाण्यावर दुसऱ्याच दिवशी दुसरं कोणीतरी हक्क सांगतं.

नागरिकाला यात काय तपासता येईल? महाराष्ट्रातल्या प्रत्येक महापालिकेने दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडायचा असतो, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या नमुन्यांचे आकडे प्रसिद्ध करतं. ते वाचताना वार्षिक सरासरी पाहू नका, कारण जुलै-ऑगस्टचा पूर त्यात सगळं धुऊन काढतो. मार्च, एप्रिल आणि मेचे आकडे पाहा. शहरात शिरण्याआधी खडकवासल्याला प्राणवायू किती आणि शहर ओलांडल्यावर मुंढव्याच्या पुढे किती, हे दोन आकडे शेजारी ठेवा. केंद्रांची क्षमता किती हे विचारू नका, गेल्या महिन्यात दर केंद्रात रोज किती पाणी आलं आणि किती तास वीज बंद होती ते विचारा. प्रभागाच्या सभेत आणखी एक प्रश्न विचारा: आपल्या ओढ्यात पाऊस नसताना पाणी का वाहतं? त्या पाण्याचा माग काढत वर चालत गेलं की चुकीची जोडणी कुठे दिली आहे ते सापडतं, आणि ती सापडली की दुरुस्तीला कर्जही लागत नाही आणि भूमिपूजनही.